पन्हळीतून सुटलेलं व्हिनाइल आणि मालवाहू गाड्यांचे इतर प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये मालवाहू गाड्यांवर लावायच्या छापील व्हिनाइलबद्दलच्या, म्हणजे मागे गोंद असलेल्या प्लॅस्टिक फिल्मबद्दलच्या शंका जास्त आहेत. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार आहे, ‘गोंद धरत नाही’. प्रत्यक्षात गोंदाचा दोष क्वचितच असतो. काम बिघडतं ते चुकीची फिल्म निवडल्यामुळे, पत्रा नीट न पुसल्यामुळे किंवा शेवटची उष्णता न दिल्यामुळे. सर्वात सविस्तर उत्तर पहिल्याच प्रश्नाला दिलं आहे, कारण तो बहुतेकांचा प्रश्न आहे.

आमच्या १४ फुटी आयशरच्या कंटेनर बॉडीवर दोन्ही बाजूंना कंपनीचं ग्राफिक लावून घेतलं. लावलं त्या दिवशी एकदम गुळगुळीत दिसत होतं. दोन महिन्यांत पन्हळीच्या खोलगट भागातलं व्हिनाइल उचललं आणि आत पावसाचं पाणी साचलं. गोंद हलका होता का?
— वाहतूक व्यावसायिक, कळंबोली

आधी उचललेली जागा जवळून पाहा. एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंत फिल्म ताठ, सरळ आणि अधांतरी झाली असेल, तर ती आपल्या मूळ सपाट आकाराकडे परतली आहे. कारागिराने ती दाबून पन्हळीत बसवली, पण तिथे स्थिर केली नाही. उंचवट्यांवर ती अजून पक्की चिकटलेली असेल तर गोंद ठीक आहे असं समजा.

दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे फिल्मची जात. बाजारात स्वस्त मिळणारी कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरांमधून दाबून पातळ केलेली असते. लाटलेली पोळी पोळपाटावर थोडी आक्रसते, तशी हीसुद्धा ताण सुटला की मागे येते. तिची जाडी साधारण ७० ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. कास्ट फिल्म वेगळी. द्रव पीव्हीसी सपाट कागदावर ओतून भट्टीत पक्कं करतात, त्यामुळे तिच्यात ओढल्याचा ताण मुळातच नसतो. ती साधारण ५० मायक्रॉनची, मऊ आणि आकार घेणारी असते. पन्हळी पत्रा आणि रिव्हेट असतील तर कास्ट फिल्म आणि तिच्यावर कास्ट लॅमिनेशनच (छपाईवर चढवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लागतं. कास्टवर कॅलेंडर्ड लॅमिनेशन चढवलं की वरचा थर खालच्याला ओढतो आणि कास्टसाठी मोजलेले पैसे वाया जातात. कॅलेंडर्डमध्येही मोनोमेरिक (सर्वात स्वस्त, जास्त आक्रसणारी) फिल्म फक्त सपाट जागी आणि थोड्या मुदतीसाठी वापरावी. पॉलिमेरिक (तिच्याहून टिकाऊ, कमी आक्रसणारी) सपाट बाजू आणि साध्या गोलाईसाठी चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे लावण्याची पद्धत. पन्हळ उथळ असेल तर फिल्म आधी फक्त उंचवट्यांवर टेकवायची, मधला भाग मोकळा ठेवायचा. मग हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) तो भाग मऊ करून हातमोजा घातलेल्या बोटांनी किंवा फोमच्या रोलरने पन्हळीच्या मधोमध दाबायचं आणि तिथून वर आणि खाली जायचं, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाट राहते. दोन्ही टोकं आधी बंद केली तर हवा मधेच कोंडते. पन्हळ खोल असेल तर ताणायच्या भानगडीत पडू नका. एकेक पन्हळ घ्या, फिल्म सैल सोडत तळापर्यंत उतरवा, मगच पुढच्या उंचवट्यावर जा. यासाठी छपाईच जास्त लांबीची हवी. एक सुतळी पन्हळीच्या प्रत्येक चढउतारात दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत लावा आणि मग सरळ करून मोजा. टेपने घेतलेलं सरळ माप आणि हे माप यांतला फरक डिझाइन करणाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर अक्षरं समोरून चेपलेली दिसतील आणि शेवटच्या पट्टीत चित्र भलत्याच ठिकाणी संपेल.

यानंतरचं काम बहुतेक ठिकाणी वगळलं जातं. पन्हळीत बसलेली फिल्म पुन्हा तापवावी लागते. कास्ट फिल्मसाठी हे तापमान साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सिअस धरतात. नेमका आकडा त्या फिल्मच्या माहितीपत्रकात असतो, तोच पाळा. गनच्या डायलवरचा आकडा इथे कामाचा नाही, कारण तो गनच्या तोंडाशी असलेल्या हवेचा असतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने खुद्द फिल्मचं तापमान मोजा. गन पन्हळीच्या लांबीने सावकाश सरकवत न्या, एका जागी थांबू नका. एवढ्या तापमानाला फिल्मचा आतला ताण सुटतो आणि नवा आकार हाच तिचा आकार होतो. नुसती ६०-७० अंशांपर्यंत तापवली तर ती मऊ होऊन बसते खरी, पण उन्हात पत्रा पुन्हा तेवढाच तापला की उठते. कळंबोलीच्या उघड्या ट्रक टर्मिनलवर दुपारी उभ्या असलेल्या गाडीचं नेमकं हेच होतं.

काम ताब्यात घेण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. फिल्म गार झाल्यावर चार-पाच पन्हळींवरून हीट गन साधारण ६० अंशांपर्यंत फिरवा. कुठेही फिल्म तळापासून सुटून वर येत असेल, तर तिथे शेवटची उष्णता कमी पडली आहे. कारागिरासमोरच हे करा म्हणजे वाद राहत नाही.

रिव्हेटांचंही तेच. रिव्हेटभोवती फिल्म चिकटवली की डोक्याशेजारी हवेचं कडं राहतं. कड्याच्या काठाला टाचणीने दोन-तीन भोकं पाडायची, ब्लेडने चिरायचं नाही. मग तापवून रिव्हेटच्या ब्रशने गोल गोल दाबत हवा बाहेर काढायची आणि पुन्हा वरच्याइतकं तापवायचं.

आता झालेल्या नुकसानाचं काय, तर उचललेला भाग पुन्हा चिकटवू नका. गोंदात धूळ आणि पाणी गेलेलं आहे, तो आठवडाभरही धरणार नाही. ती पट्टी पूर्ण काढा, पत्रा कोरडा करा, गंज धरला असेल तर आधी तो काढा आणि नवी पट्टी लावा. बॉडीवाल्याने पत्र्यांच्या जोडावर सिलिकॉन सीलंट ओढलं असेल तर त्यावर फिल्म चिकटणार नाही. तिथे जोडाच्या दोन्ही बाजूंना फिल्म कापून थांबवा. दाराच्या फटीवरून किंवा हलणाऱ्या जोडावरून अखंड फिल्म कधीच नेऊ नये.

आम्ही इको सॉल्व्हंट मशीनवर छपाई करून त्याच संध्याकाळी लॅमिनेशन करून देतो. अलीकडे दोन गाड्यांवरच्या अक्षरांच्या कडा वळल्या आणि भोवती गाडीच्या रंगाची बारीक रेघ दिसू लागली. लॅमिनेशनची फिल्म बदलावी का?
— छपाई व्यावसायिक, महापे

फिल्म बदलू नका, संध्याकाळ बदला. शाई वरून कोरडी लागते तेव्हाही तिच्यातलं सॉल्व्हंट (शाई पातळ ठेवणारं द्रावक) फिल्ममध्ये उरलेलं असतं. वरून लॅमिनेशन चढलं की त्याला उडून जायला वाट राहत नाही. ते खाली गोंदात उतरतं, गोंद मऊ पडतो, फिल्म आक्रसते. कडेला दिसणारी रेघ ही त्या आक्रसण्याचीच खूण आहे.

छपाईनंतर निदान २४ तास, गडद आणि भरगच्च रंग असतील तर ४८ तास फिल्म मोकळी ठेवा. रोल घट्ट गुंडाळून आडवा टाकला तर तो वेळ मोजूच नका, कारण आतल्या वेढ्यांना हवा लागत नाही. सैल गुंडाळून, वेढ्यांमध्ये अंतर राहील असा उभा ठेवा आणि पंख्याची हवा द्या. पावसाळ्यात आणखी वेळ धरा. शाईची एकूण मर्यादाही त्या फिल्मच्या प्रोफाइलप्रमाणे (छपाईच्या ठरवून दिलेल्या सेटिंगप्रमाणे) ठेवा. काळा जास्त काळा दिसावा म्हणून चारही रंग भरभरून ओतले की वाळण्याची वेळ वाढते.

लॅमिनेटरवर वरच्या रोलचा ब्रेक जास्त आवळलेला आहे का तेही पाहा. ताणून चढवलेलं लॅमिनेशन नंतर आक्रसतं आणि कडा छापील बाजूकडे वळवतं.

लॅटेक्स छपाई (पाण्यावर आधारित शाईची) मशीनमधून वाळूनच येते, तिला हा थांबा लागत नाही. यूव्ही शाईलाही (अतिनील प्रकाशाने लगेच पक्की होणाऱ्या) लागत नाही, पण साधी यूव्ही शाई ताणली की तडकते, म्हणून पन्हळी किंवा खोल वळणाच्या गाडीसाठी ती घेऊ नये.

१४ फूट लांब, साडेसहा फूट उंच बाजू आणि सहा फूट रुंद मागचा भाग आहे. बॉडी सपाट आहे. किती व्हिनाइल लागेल? दोन ठिकाणांहून आलेल्या अंदाजांत खूप फरक आहे.
— कुरिअर सेवा, वागळे इस्टेट, ठाणे

फरक बहुधा रोलच्या रुंदीमुळे पडला असेल. गाडीचं क्षेत्रफळ बाजूला ९१ चौरस फूट, दोन्ही बाजूंना १८२ आणि मागे ३९, म्हणजे २२१ चौरस फूट. पण व्हिनाइल रोलच्या पूर्ण रुंदीने खर्च होतं.

चारही बाजूंना २ इंच जादा छपाई धरा. लांबी १६८ ऐवजी १७२ इंच होते, उंची ७८ ऐवजी ८२. ५४ इंची रोलवर कडा सोडून ५२ इंच वापरता येतात. पट्ट्यांमध्ये अर्धा इंच चढाव (एका पट्टीची कड दुसरीवर येणं) धरला तर तीन पट्ट्यांत १५५ इंचच भरतात, म्हणून चौथी पट्टी लागते. एका बाजूला सुमारे १२३ चौरस फूट गेले. मागच्या भागाला दोन पट्ट्या, सुमारे ६२ चौरस फूट. एकूण ३०८.

६० इंची रोलवर ५८ इंच मिळतात. तीन पट्ट्यांत १७३ इंच भरतात, म्हणजे १७२ इंच जेमतेम बसतात. एका बाजूला सुमारे १०३, मागे ६८, एकूण २७४ चौरस फूट. जोडही एक कमी. छपाई यंत्र ६० इंचांहून रुंद आहे का एवढं विचारा. दोन्ही हिशोबांत एक सुटी पट्टी जादा छापून घ्या. नंतर छापलेली पट्टी रंगाला तंतोतंत जुळत नाही.

चढाव कुठल्या दिशेने द्यायचा हेही कामाच्या कागदावर लिहून घ्या. पुढची पट्टी मागच्या पट्टीवर यावी, म्हणजे वारा जोडात शिरत नाही. आडव्या पट्ट्या असतील तर कौलांप्रमाणे वरची खालच्यावर, म्हणजे पाणी शिरत नाही. याचा अर्थ काम गाडीच्या मागून पुढे आणि खालून वर करायचं.

आमच्या पिकअपच्या खालच्या पट्टीवर आणि डिझेल टाकीच्या आसपास स्टिकर सुटतात, वरच्या भागात पक्के राहतात. रेडियमवाला म्हणतो की थिनरने पुसलं होतं.
— भाजी वाहतूक, एपीएमसी, तुर्भे

थिनरने रंग मऊ पडू शकतो, आणि आधी न धुता पुसलं तर मळ आणि ग्रीस फक्त पसरतात. खालच्या भागात डिझेल, ग्रीस, टायर पॉलिश सगळंच असतं. त्यातलं सिलिकॉन असलेलं पॉलिश सर्वात वाईट.

आधी शॅम्पूने धुवून भरपूर पाण्याने साफ करा, कोरडं करा. ग्रीस डीग्रीझरने काढा. शेवटी ७० भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ३० भाग पाणी घेऊन दोन फडक्यांनी पुसा. एका हातात ओलं, दुसऱ्यात कोरडं. ओल्याने साधारण दोन फूट जागा पुसायची आणि ती आपोआप वाळायच्या आत कोरड्याने टिपायची. आपोआप वाळू दिलं तर सुटलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. कोरडं फडकं काळं येणं थांबेपर्यंत हे करा. दाराची आतली कड, चाकाच्या कमानीची खालची धार आणि रबराच्या बाजूची जागा यांना वेगळं फडकं घ्या.

फिल्म पत्र्याच्या अगदी धारेपर्यंत नेऊ नका. दोन-तीन मिलिमीटर अलीकडे कापा. धारेवर आलेली फिल्म पोती आणि क्रेट चढवता-उतरवताना घासून उचलते. आणि बंपरच्या दाणेदार काळ्या प्लॅस्टिकवर लावून घेऊच नका, तिथे साधा गोंद धरत नाही.

गाडी नुकतीच पुन्हा रंगवली. चौथ्या दिवशी व्हिनाइल लावलं, आठवड्यात सगळीकडे बारीक फुगे.
— घणसोली

रंग अजून वायू सोडत होता. भट्टीत न भाजलेल्या पीयू (पॉलीयुरेथेन) रंगाला निदान तीन ते चार आठवडे द्या. लावण्याआधी फिल्मचाच वीतभर तुकडा चिकटवून २४ तास ठेवा. फुगे आले तर थांबा. तो काढताना रंगाचा पापुद्रा सोबत आला तर रंगकामच कच्चं आहे, त्यावर कितीही महाग फिल्म लावून उपयोग नाही.

पावसाळ्यात हे काम करावं का? आणि मे महिन्यात उघड्यावर?
— घोडबंदर रोड, ठाणे

पावसाळ्यात छपराखाली करता येतं. पण गाडी आदल्या रात्रीच आत घ्या. रिव्हेटखाली, जोडांत, दाराच्या रबरामागे, साइड लाइटच्या मागे पाणी राहतं आणि तिथे उष्णता दिली की बाहेर येतं. या जागा हीट गनने हलक्या तापवून, पुसून मग सुरुवात करा. काम झाल्यावर गाडी निदान २४ तास पावसात नेऊ नका. दाबाने चिकटणाऱ्या गोंदाला पूर्ण धरायला एक ते तीन दिवस लागतात.

उन्हात मात्र लावूच नका. पत्रा १८ ते ३० अंशांच्या दरम्यान असावा. तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी धरतो, पट्टी उचलून पुन्हा बसवता येत नाही आणि मऊ झालेली फिल्म ओढताना लांबते. चित्राचे जोड जुळत नाहीत ते यामुळेच.

साबणाच्या पाण्याची पद्धत साध्या कापीव अक्षरांसाठी आणि सपाट जागेसाठी ठीक आहे. हवा सोडणाऱ्या बारीक नाल्या असलेल्या फिल्मखाली पाणी घालू नका. त्या नाल्या भरतात आणि फिल्म धरत नाही. ती कोरडीच लावा, फेल्ट लावलेली स्क्वीजी (फिल्म दाबायची सपाट पट्टी) ४५ अंशांत धरून, मधून बाहेर, प्रत्येक फटका आधीच्यावर तिसरा हिस्सा चढवत.

मासळीच्या गाडीला रोज प्रेशर पंपाने धुवावं लागतं. ग्राफिक टिकेल का?
— ऐरोली

टिकतं, पण नोझल निदान ३० सेंटिमीटर दूर आणि पत्र्याला काटकोनात धरा. तिरप्या फवाऱ्याने पाणी कडेखाली शिरतं आणि एकदा कोपरा उचलला की उरलेलं पंपच सोलून काढतो. बर्फ आणि खारं पाणी जिथून गळतं, त्या मागच्या दाराच्या खालच्या धारेपासून चार इंच वर ग्राफिक थांबवा. ही सूचना डिझाइनच्या वेळीच द्या.

पूर्ण गाडी वेगळ्या रंगाच्या व्हिनाइलने मढवायची आहे. आरटीओला विचारावं लागतं का? काचांवर जाळीची फिल्म चालते का?
— वाशी

गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदीशी विसंगत ठरणारा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून मूळ रंग पूर्ण झाकणार असाल तर आधी आपल्या आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्या. आपल्या मालाची नव्हे तर दुसऱ्याची जाहिरात लावणार असाल तर तिच्या परवानगीचंही तिथेच विचारा.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०० नुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. जाळीच्या, म्हणजे बारीक भोकांच्या छापील फिल्मचा निम्मा भाग छापलेला असतो, त्यामुळे ती या हिशोबात बसवणं अवघड आहे. काचा मोकळ्या ठेवा. नंबर प्लेट, दिवे, परावर्तक, समोरची पांढरी आणि मागची लाल चमकती टेप, बाजूला लिहिलेले वजनाचे आकडे, यांतलं काहीही झाकू नका. ही टेप व्हिनाइलच्या वर लावून भागवतात तेही चूक आहे. व्हिनाइल सुटलं की टेपही जाते. टेपची जागा सोडून व्हिनाइल कापा.

पाच वर्षांचं जुनं ग्राफिक काढायचं आहे. ओढलं की नखाएवढे तुकडे निघतात.
— तळोजा एमआयडीसी

फिल्म वाळून ठिसूळ झाली आहे. टपावर आणि बॉनेटवर ऊन सरळ पडतं, तिथे ही अवस्था बाजूंच्या कितीतरी आधी येते. म्हणून आडव्या भागांवरचं ग्राफिक बाजूंच्या निम्म्या मुदतीतच काढून टाकावं.

काम छपराखाली करा. फिल्म ५० ते ६० अंशांपर्यंत तापवा, कोपरा प्लॅस्टिकच्या पात्याने उचला आणि सावकाश ओढा. तुकडे पडत असतील तर उष्णता थोडी वाढवा. गोंद पत्र्यावरच राहत असेल तर उष्णता कमी-जास्त करून आणि ओढण्याचा वेग कमी करून पाहा. प्रत्येक गाडीला हा मेळ वेगळा जमतो. ब्लेड वापरू नका. रंगावर ओरखडा पडला की या खाडीकडच्या खाऱ्या हवेत तिथे लवकर गंज धरतो.

उरलेला गोंद लिंबूवर्गीय रिमूव्हरने भिजवून दहा मिनिटं थांबा, प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा, मग शॅम्पूने धुवा. रिमूव्हर तेलकट असतो, म्हणून नवं ग्राफिक लावायच्या आधी वर तुर्भ्याच्या उत्तरात दिल्याप्रमाणे दोन फडक्यांनी पुसणं चुकवू नका. जिथे पुट्टी भरून रंग मारलेला आहे तिथे फिल्मबरोबर रंग निघण्याची शक्यता असते. अशा जागा मालकाला आधी दाखवा, लेखी नोंद करा, आणि मगच गन सुरू करा.